सेनानी दर शनिवारी पडते

सोमवार, ४

जेवताना ‘सेनानी’ हा विषय काढायचा नाही, असा ठराव आज आमच्या घरात दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. ठराव मांडला लेकीने, अनुमोदन दिलं तिच्या आईने. मी हरकतीचा मुद्दा नीट मांडेपर्यंत दोघींनी ताटं उचलली होती.

ठीक आहे. माझं तोंड बंद करता येईल, हात नाही. आजपासून लिहून काढणार.

माझी लेक नाटक कंपनीत लढते. दर शनिवारी संध्याकाळी त्याच राज्याच्या गोष्टीचा नवा भाग असतो. किल्ला, तलवारी, राजपुत्र आणि लेक त्या राज्याची सेनानी. ‘सेनानीसारखी तलवार अख्ख्या मुलखात नाही,’ असं प्रत्येक भागात कुणीतरी छाती ठोकून सांगतं. मग एक नवा दुष्ट येतो आणि पहिल्याच अंकात तिला लोळवतो. दुसऱ्या अंकात राजपुत्र त्या दुष्टाला लोळवतो. टाळ्या राजपुत्राला, भिंतीवरचं पोस्टरही राजपुत्राचंच. गेली कित्येक वर्षं हेच चाललंय.

मी आयुष्यभर व्यासपीठावरून अन्यायाविरुद्ध बोललो. वाचनालयाने वर्गणी वाढवली तेव्हा बोललो. बागेतली बाकं उचलली तेव्हा पावसात उभा राहून बोललो. (वर्गणी वाढलीच, बाकंही परत आली नाहीत, पण दोन्ही भाषणं गाजली.) आणि माझ्या पोटची पोर दर शनिवारी जमिनीवर आपटते तेव्हा मी मुकाट्याने भात कालवू?

“अहो, ते नाटक आहे,” ही म्हणाली.

हा युक्तिवाद नव्हे, हे मी तिला सांगणार होतो. पण तोवर ठराव मंजूर झाला होता.

गुरुवार, ७

रागाने काही होत नाही, आधी व्याख्या हव्यात. कुठलाही लढा व्याख्येपासून सुरू होतो. आज दिवसभर बसून गोष्टींमधल्या हरणाऱ्यांचा विचार केला. लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. हा आळस आहे!

पहिला प्रकार आपटीबहाद्दर. तो बढाया मारत येतो आणि केळ्याच्या सालीवरून घसरून पडतो. तो जिंकेल असं कुणाला कधी वाटलेलंच नसतं, म्हणून तो पडला की हसू येतं. त्याच्यावर अन्याय होत नाही, त्याचा जन्मच त्यासाठी असतो.

दुसरा चिवट. तोही दर वेळी हरतो, पण गोष्ट त्याची असते. आपण त्याच्या बाजूने रिंगणात उतरलेले असतो. तो हरला की आपल्याला लागतं आणि तो उठला की आपणही उठतो.

तिसरा कसोटीचा दगड. सोनाराकडे एक काळा दगड असतो, सोनं खरं की खोटं ते त्यावर घासून बघतात. तशी ही बलवान व्यक्ती. नवा दुष्ट किती भयंकर आहे हे सांगायला लेखक त्याला हिच्यावर घासतो. हिला हरवलं म्हणजे हा काय साधासुधा गडी नव्हे! हिची ताकद खरी असते, म्हणूनच हिच्या हरण्याला किंमत येते.

माझी लेक तिसऱ्या प्रकारातली. हे कागदावर उतरवल्यावर बरं वाटलं. भाजी आणायला गेलो, तर भाजीवालीने जून भेंडी गळ्यात मारली. मी भेंडीच्या कोवळेपणाची कसोटी तिला समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. भेंडी मात्र घ्यावी लागली.

रविवार, १०

काल प्रयोगाला गेलो होतो, आणि जे ऐकलं ते ऐकायला नको होतं.

सेनानी रंगमंचावर आली, तलवार उपसली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “आता पडणार!” सगळं थिएटर खो खो हसलं. मग ती पडली आणि लोक आणखी हसले. एका बाईंना ठसका लागला.

व्याख्या करताना मी एक प्रकार विसरलो होतो, तो आज लिहितो. चौथा प्रकार झिजलेला दगड. कसोटीच्या दगडावर वर्षानुवर्षं घासतच राहिलं, तो कधी पुसलाच नाही, तर त्यावर पितळही सोन्यासारखं उमटतं. बलवान माणूस सारखा हरला की लोकांचा त्याच्या बळावरचा विश्वास उडतो. मग तो घसरत घसरत पहिल्या प्रकारात जाऊन पडतो आणि त्याचा आपटीबहाद्दर होतो. किती वेळा हरलं याला महत्त्व नाही. वार बसण्याच्या आधी लोकांना काय वाटतं, सगळं त्यावर आहे. काल लोकांना काहीच वाटत नव्हतं, त्यांना माहीतच होतं.

लेक सकाळी गुडघ्याच्या गादीचा तुटलेला पट्टा शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मालकीणबाई सेनानीला मारणार आहेत. तेवीस तारखेला. लोक हसायला लागले म्हणे.”

“मारणार म्हणजे?”

“म्हणजे काळा सरदार मला मारणार. मग सेनानीचं काम संपलं. कंपनीत दुसरं काम नाही. राणी व्हायला मी आडवी आहे, आणि दासी व्हायला फार जोरात चालते.”

“मग तू ते काय शिवत बसलीस?”

“अजून दोन शनिवार पडायचंय ना बाबा. गुडघे माझेच आहेत.”

आम्ही जेवत नव्हतो, त्यामुळे ठराव लागू नव्हता. मी उभा राहून बोललो. पडणाऱ्यांच्या बाजूने, थकलेल्या खांद्यांच्या बाजूने, ज्यांच्या पाठीवर पाय देऊन राजपुत्र मोठे होतात त्या सगळ्यांच्या बाजूने बोललो. लेकीने दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, “बाबा, छान झालं. आता जरा ती कात्री द्या.”

बुधवार, १३

मालकीणबाईंना भेटलो. नाटकं लिहितात त्याच आणि बसवतातही त्याच. त्यांची खोली म्हणजे मुकुट, ढाली आणि चहाचे कप यांचा ढिगारा. मी मुद्देसूद बोललो. कसोटीचा दगड मधूनमधून पुसायला हवा, म्हणजे सेनानीने एकदा तरी जिंकायला हवं. एक विजय द्या, पुढचे दहा पराभव त्या विजयावर उभे राहतील!

“वक्तेसाहेब,” त्या म्हणाल्या, “सेनानीनेच काळ्या सरदाराला लोळवलं, तर दुसऱ्या अंकात राजपुत्राने काय करायचं? झाडांना पाणी घालायचं?”

“पण तत्त्व...”

“तत्त्वाला तिकीट नसतं हो. आणि मला काय हौस आहे का? तुमच्या पोरीसारखं पडणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. पण लोक हसले की संपलं. चहा घेणार?”

चहा घेतला. निघताना त्यांनी दोन ढाली रंगवायला देऊन पाठवल्या. नाही म्हणायची संधी मिळाली नाही. एकंदरीत त्या विचारात पडल्या असाव्यात.

शुक्रवार, १५

काळा सरदार घरी आला होता. म्हणजे त्याचं काम करणारा तो नवा नट. कंपनीत त्याला लंबू म्हणतात. दारातून वाकून आत येतो, आवाज ढगासारखा, आणि मनाने इतका मऊ की आमच्या मांजराचीही परवानगी घेऊन खुर्चीवर बसला. तालमीची जागा कमी पडते म्हणून लेकीने त्याला घरी बोलावलं. आम्ही बैठकीतलं टेबल सरकवलं आणि गादी टाकली.

तिथे एक गोष्ट कळली. मला वाटायचं मारणारा मारतो आणि पडणारा पडतो. तसं नसतं. लेक आधी डावा पाय मागे टाकते. तो पाय हलला की लंबूची तलवार फिरते, त्याआधी नाही. तलवार तिच्या खांद्यापासून वीतभर लांबून जाते, पण ती अशी फेकली जाते की मी दोनदा खुर्चीतून उठलो.

“वार करणारा नुसता हात हलवतो बाबा,” ती धापा टाकत म्हणाली. “बसतो तो माझ्यामुळे.”

“आणि मध्येच थांबावंसं वाटलं तर?”

“पडायला लागलं की थांबायचं नाही. थांबलं की हाड मोडतं.”

लंबू म्हणाला, “काका, त्या पडल्या की मला खरंच वाटतं मी काहीतरी केलं. घरी जाऊन झोप लागत नाही.”

संवेदनशील माणूस आहे. मी त्याला चारही प्रकार समजावून सांगितले. तो एकाग्र होऊन ऐकत होता, फक्त नजर जरा माझ्या मागे, लेक पाणी प्यायला गेली त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. तेवढ्यात ही म्हणाली, “अहो, जरा बटाटे घेऊन या ना.” आणले. घरात होतेच.

मंगळवार, १९

लंबू परवा आला, काल आला, आज पुन्हा आला. आज इस्त्रीचा शर्ट होता. विचारांची कदर करणारी पिढी अजून शिल्लक आहे! आज तो वर्गवारीबद्दल आपणहून बोलला. म्हणाला, “काका, तुमचा तो दुसरा प्रकार, चिवट. त्यातला माणूस लग्न करतो का?” प्रश्न अनपेक्षित पण मार्मिक. मी म्हणालो, पराभव आणि संसार यांचा संबंध फार जुना आहे, आणि त्यावर बराच वेळ बोललो. ही आतून म्हणाली, “स्वानुभव!” संदर्भ कळला नाही.

हीच वेळ आहे हे मी ओळखलं. त्याला जिन्यात गाठलं आणि सरळ विचारलं. शनिवारी तू तिला मारायचं, असं ठरलंय. त्याऐवजी तू पडलास तर? एकदा. तिच्यासाठी.

तो इतक्या लवकर हो म्हणाला की मला माझ्या युक्तिवादाचा अर्धा भाग परत घेऊन यावा लागला.

“त्यांना सांगू का, काका?”

“अजिबात नाही! ती पडायलाच निघालेली असते. सांगितलंस तर तुलाच समजावून परत पाठवेल. तिच्यापुढे तुझं काय चालणार?”

“काहीच नाही,” तो म्हणाला आणि का कोण जाणे, खूश दिसला.

ही रात्रीची भाजी चिरत असताना विचारलं, “मी आजवर एखादा लढा मनापासून लढलो नाही असं झालंय का?” ही म्हणाली, “मनापासून सगळेच. जिंकलेला आठवायला जरा वेळ द्या.” विषय भरकटला.

रविवार, २४

काल काय झालं ते नीट क्रमाने लिहितो, कारण रात्रभर ते डोळ्यांपुढून हललं नाही.

थिएटर भरलं होतं. सेनानी मरणार ही बातमी फुटली होती आणि लोक तिच्या मरणावर हसायला आले होते. ती आली, तलवार उपसली. “आता पडणार!” मागून एकसुरात आवाज. मी हिचा हात घट्ट धरला. ही म्हणाली, “एवढा घट्ट का धरलात? काय केलंत तुम्ही?” मी रंगमंचाकडे बोट दाखवलं.

लढत सुरू झाली. लेकीने वार केला, लंबूने तो ढालीवर घ्यायचा होता. त्याने ढाल-तलवार दोन्ही सोडलं, छातीवर हात नेला आणि पाठीवर धाडकन कोसळला. एवढा मोठा माणूस! फळ्या हलल्या.

पण त्याच क्षणी लेकीचा डावा पाय मागे गेला होता. पडायला लागलं की थांबायचं नाही. तिला कुणी हातही लावला नव्हता, तरी ती हवेत फेकली गेली आणि पलीकडे जाऊन आदळली.

दोघंही आडवे. रंगमंचावर उभं कुणीच नाही.

आधी हशाचा लोट आला, मग हळूहळू विरला, कारण दोघंही हलत नव्हते. आणि थिएटर शांत झालं. किती वर्षांनी त्या लोकांना माहीत नव्हतं, पुढे काय होणार ते! मागे कुणीतरी विचारलं, “जिंकलं कोण?”

लेकीने कोपरावर उठून लंबूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं एकामागून एक उमटलेलं मी पाहिलं. आधी गोंधळ, मग समज, मग (मी शपथेवर सांगतो) तिने प्रेक्षकांत नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी हिच्या मागे वाकलो.

ती उठली. तलवार तिच्या हातात होती, काळा सरदार जमिनीवर निःशस्त्र. एक पाऊल टाकलं की विजय तिचा. “मार!” कुणीतरी ओरडलं. मग आणखी काही जण. तेच लोक, दहा मिनिटांपूर्वी हसणारे! माझ्या आयुष्यातला हा पहिला... म्हणजे मोठा विजय समोर उभा होता.

तिने वाकून सरदाराची तलवार उचलली आणि मूठ त्याच्याकडे करून ती त्याला परत दिली.

मग हात देऊन त्याला उभं केलं, चार पावलं मागे गेली आणि तलवार धरून थांबली. त्याला उठवताना त्याच्या कानात काहीतरी बोललीही होती, पण ते कळलं नाही. (घरी विचारलं. ती म्हणाली, “‘आता नीट लढ, गाढवा,’ असं म्हणाले.”)

पुढची लढत तालमीत नव्हती. सावकाश झाली, जड झाली. ती थकत गेलेली दिसली. एक गुडघा टेकला, उठली. पुन्हा टेकला, पुन्हा उठली. शेवटी तलवार हातून सुटली आणि लंबूचं पातं तिच्या मानेवर आलं. इथे तिने मरायचं होतं.

“नको! मारू नको!” एक बाई ओरडल्या. त्याच, ज्यांना ठसका लागला होता. मग सगळं थिएटर. लोक उभे राहिले. लंबू पातं धरून नुसता विंगेकडे बघत होता, आणि तो अभिनय नव्हता. मालकीणबाई विंगेतून दोन्ही हात हलवत पडदा पाडायला सांगत होत्या.

पडदा पडला. ती हरली. हातात आलेला विजय परत देऊन हरली! मी घरी येईपर्यंत एक शब्द बोललो नाही. ही दोनदा माझ्या कपाळाला हात लावून गेली.

मंगळवार, २६

दोन दिवस लेकीशी अबोला धरला होता. तिच्या लक्षात आला नाही. म्हणून आज मीच विचारलं, “का? पोरी, का? ती तलवार तू का परत दिलीस?”

ती पायाला मलम चोळत होती. “तो जमिनीवर पडला होता बाबा. पडलेल्याला मारून जिंकायचं, तर सेनानी कशाला हवी? ते कुणालाही येतं.”

“पण तुझं काम गेलं असतं!”

“गेलं असतं,” ती म्हणाली. “भीती वाटत होती ना. तुम्हाला काय वाटलं, मला मजा वाटत होती? इतकी वर्षं पडते मी, ते चांगलं पडता येतं म्हणून. कुणीतरी मुद्दाम खाली झोपून मला जिंकवलं, तर मग मी कोण?”

माझ्याकडे यावर उत्तर होतं. ते उद्या सुचेल.

संध्याकाळी मालकीणबाई स्वतः घरी आल्या. ढाली न्यायला आले म्हणाल्या. ढालींकडे पाहून रंग कुणी दिला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ‘असू दे’ म्हटलं. मग लेकीला म्हणाल्या, “शनिवारी ये. सेनानी जिवंत आहे. ज्याला मारू नको म्हणून अख्खं थिएटर ओरडतं, त्याला मारायला मी काय वेडी आहे?”

“हरायचंच ना?” लेकीने विचारलं.

“हरायचंच. पण कशी ते आता तूच बसव. लढती तुझ्याकडे दिल्या. आणि त्या लांबोड्याला सांग, पुन्हा आपल्या मनाने पडलास तर मी खरी तलवार आणीन.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “त्याच्या डोक्यात हे कुणी भरवलं असेल हो, वक्तेसाहेब?”

आजची तरुण पिढी स्वतंत्र विचाराची आहे, असं मी सांगितलं.

माझ्या कार्यपद्धतीचा हा विजय आहे, याबद्दल मला शंका नाही. फक्त वर्गवारी अडली आहे. हरायचं हे तिने ठरवलं, त्यामुळे ती कसोटीचा दगड नाही. गोष्ट राजपुत्राची, त्यामुळे ती चिवटही नाही. आणि आता तिच्यावर कुणी हसत नाही. पाचवा प्रकार काढावा, तर त्यात बसणारी ती एकटीच.

रविवार, ३१

काल थिएटरमध्ये जागा मिळाली ती अगदी मागे. लंबूची आईही आली होती, तिला लंबूने हिच्या शेजारी बसवलं. मी तिला प्रकार समजावू लागलो. ती मान डोलवत होती, पण दोघी मधूनच खोली केवढी, कपाट कुठे राहील, असं काहीतरी बोलत होत्या. लंबू बहुधा घर बदलतोय.

पडदा उघडला. सेनानी कशी हरणार हे मला पाठ होतं. सकाळी स्वयंपाकघरात लेकीने तो शेवटचा पेच गाळणी आणि झारा घेऊन हिला करून दाखवला होता. तिसऱ्या वाराला उजवीकडे वळायचं, तलवार सोडायची आणि पायरीवरून खाली. मी चहा पीत पाहत होतो. पुढे काय होणार हे त्या थिएटरमध्ये मला सगळ्यात चांगलं माहीत होतं.

ती आली, तलवार उपसली. कुणी ‘आता पडणार’ म्हटलं नाही. माझ्या पुढचा माणूस खुर्चीच्या टोकाला येऊन बसला. पहिला वार झाला. दुसरा. मी माझ्या मनात म्हणत होतो, हे तिसरं, आता उजवीकडे. आणि ती वळली, आणि मागून तलवार आली, आणि मी उभा होतो. कधी उठलो कळलं नाही. “मागे बघ! अगं, मागे बघ!” हा आवाज माझा आहे हे ऐकू आल्यावर समजलं. हिने शर्ट ओढला. पुढचा माणूसही उभा होता, तोही ओरडत होता, त्यामुळे कुणी आम्हाला खाली बसवलं नाही.

तिने मागे बघितलं नाही. पायरीवरून खाली आली आणि पडून राहिली.

मग एक हात हलला. सगळं थिएटर तो हात बघत होतं. पायरीला धरून, गुडघ्यावर, मग उभी. तेवढंच. मग शिपायांनी तिला धरून आत नेलं. टाळ्या मी मोजल्या नाहीत, कारण मी रुमाल शोधत होतो.

घरी परतताना लेक लंगडत चालत होती. तिची पिशवी लंबूने घेतली होती.

“बाबा, मागे बघ मागे बघ म्हणून कोण बोंबलत होतं हो?” तिने विचारलं.

“असेल मागच्या रांगेतला कुणीतरी,” मी म्हणालो. घसा बसला होता.

“त्याला म्हणावं, पुढच्या शनिवारी पण ये.”

“हरणारच आहेस ना?”

“हरणारच आहे,” ती म्हणाली. “तरी ये म्हणावं.”